रोपवेनं रायगड 'केला' म्हणायचं का?

रानवाटा: ऑफिसातल्या एकाने स्टेटस टाकलं, 'रायगड डन'. विचारलं तर कळलं रोपवेनं वर, दोन तासांत खाली. माझ्या मते ज्याने महादरवाजा चढून नाही गाठला त्याने गड नाही पाहिला. दोन बुरुजांच्या कुशीत दडलाय तो, पुढ्यात येईपर्यंत दिसतच नाही, आणि तिथवर पोचेस्तोवर घाम डोळ्यात जाऊन चुरचुरत असतो, तेव्हा शत्रू इथे तोफ घेऊन काय डोंबल चढणार हे पायांना कळतं. रोपवेवाले मेणा दरवाजाने आत, राणीवशाच्या बाजूने. मागच्या दाराने घरात शिरल्यासारखं!

दुखरा_गुडघा: चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत साहेब. माझी आई ७३ची. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीपाशी बसून तिने गड बांधणाऱ्या हिरोजींची 'सेवेचे ठायी तत्पर' ही कोरलेली ओळ बोटाने एकेक अक्षर लावत वाचली, मग त्या पायरीवर पाय न देता बाजूने आत गेली. तुमच्या घामवाल्या पोरांतले किती जण तिथे वाकून बघतात हो?

रानवाटा: आईंना नमस्कार. मी तिशीतल्या धडधाकट लोकांबद्दल बोलतोय, उगाच आईंना मधे आणू नका.

जोतंच_जोतं: चढून या नाहीतर पाळण्यात बसून या, वर दिसतं काय? जोती. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे जळाले, लाकूडकाम सगळं गेलं. पोराला म्हटलं इथे राजांचा वाडा होता, तो म्हणाला कुठे? निदान एक वाडा तरी परत बांधा राव.

रानवाटा: २०२५ला युनेस्कोच्या यादीत गेलाय गड, आता नवा वाडा कोण बांधू देतंय. आणि पोराला नगारखान्यात उभं करून सिंहासनाच्या जागेवरून हळू बोलून बघा की, ऐकू जातं. भिंती नसल्या म्हणून काय झालं.

दुखरा_गुडघा: हे भारी आहे खरं, आम्ही पण केलं, आईने तिकडून मला रागावून घेतलं 😀 पण बघा, हे रोपवेवाल्यांनाही ऐकू येतं!

रानवाटा: बरं बाबा. मग तोडगा सांगतो, वर रोपवेनं जा आणि पायऱ्यांनी उतरा, म्हणजे महादरवाजा चुकणार नाही.

दुखरा_गुडघा: उतरतानाच जास्त दुखतात हो गुडघे.