मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यानंतरच्या डिस्चार्ज कार्डावरचे शब्द

माझे धाकटे दीर स्कूटरवरून पडले, डोक्याला जबर मार बसला. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आता डिचोलीला घरी आणलंय. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, पण तेव्हा आमचं कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. जे कळलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, शुद्धीचे पंधरापैकी गुण) भरती करताना ७ होता, सोडताना १४. पंधरातला एकच कमी, म्हणजे पोर बरा झाला, असं सासूबाई धरून चालल्यात. माझ्या समजुतीप्रमाणे हा आकडा फक्त शुद्ध किती आहे ते सांगतो. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. काहीच प्रतिसाद नसला तरी ३. दीर महिना आणि ठिकाण चुकीचं सांगतात म्हणून बोलण्यातला एक गेलाय. एकट्यानं आंघोळ जमेल का, हे त्यातून कळत नाही. बरोबर ना?

'पीटीए चालू' असंही लिहिलंय, म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक अम्नेशिया, मारानंतरचा विसर. मार लागल्यापासून रोजच्या आठवणी पुन्हा सलग राहू लागेपर्यंतचा काळ तो. शाळेतले मित्र आठवतात, सकाळी कोण आलं ते नाही. जाऊबाईंना वाटतं, मुद्दाम करतात. हा काळ संपला हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं?

सगळ्यात अवघड आहे ते 'रांचो ४', म्हणजे मेंदूच्या दुखापतीनंतरच्या सुधारणेचे टप्पे सांगणाऱ्या रांचो मोजपट्टीतला चौथा. गोंधळ आणि अस्वस्थता एकत्र. संध्याकाळी उठून जायला बघतात, हात झटकतात, आईलाच शिव्या देतात. हा सुधारणेतलाच टप्पा असतो असं सांगितलंय, आणि मी त्यालाच धरून आहे. टीव्ही बंद केला, खोलीत एका वेळी एकच माणूस. पण वाड्यावरची माणसं मायेनं बघायला येतात, त्यांना दारातून कसं परतवायचं? फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे, त्यानंही काहींची चिडचिड वाढते म्हणे. गोळी आमच्या मनानं बंद करणार नाही, पुढच्या भेटीत विचारणारच आहे.

शेवटचं डिस्फेजिया, म्हणजे गिळायला त्रास. पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं म्हणून दाट करून द्यायला सांगितलंय. सासूबाईंचा आग्रह पेजेचा. पण निवळ आणि शितं एकत्र तोंडात सांभाळणं अशा माणसाला जास्त कठीण, असं स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या. घोटून एकजीव केलेली पेज कुणाला चालली होती का? आधी थेरपिस्टना दाखवूनच देईन.

डिचोली, साखळी, म्हापसा भागात घरी येऊन व्यायाम घेणारे फिजिओ मिळतात का, तेही कळवा.