आयसीयूत बेडसोरचा स्कोअर: प्रत्येक शिफ्टला बेरीज हवी की नको? (प्रत्येक मताआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि गाव)

अजिंक्यतारा, सातारा

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा ब्रेडन स्कोअर, म्हणजे बेडसोरचा धोका मोजणारा आकडा, प्रत्येक शिफ्टला भरायला लावणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रेडनचे सहा रकाने सगळ्यांना पाठ आहेत: दाबाची जाणीव, ओलावा, वावर, अंथरुणातली हालचाल, पोषण, घर्षण. पहिल्या पाचांना १ ते ४, घर्षणाला १ ते ३. बेरीज ६ ते २३. आकडा जितका कमी, तितका धोका जास्त. १८ पासून खाली धोका धरतात, ९ किंवा कमी म्हणजे अतिधोका. आता सिडेशनवरचा, म्हणजे गुंगीच्या औषधावरचा, कुठलाही पेशंट घ्या. जाणीव १, ओलावा ३, वावर १, हालचाल १, पोषण २, घर्षण १. झाले ९. शेजारच्या बेडचे १०, पलीकडच्याचे ११. ज्या चाळणीतून एकही दाणा खाली पडत नाही, तिनं चाळून काय मिळणार?

शिवाय १९८७ च्या या मोजपट्टीत नॉरअ‍ॅड्रेनलिनला (बीपी वर ठेवणाऱ्या औषधाला) रकाना नाही, बीपीला नाही, डायलिसिसला नाही, नळ्या-मास्कलाही नाही. आयसीयूत कातडी मरते ती बऱ्याचदा यांच्यामुळेच. म्हणून आत आलेला प्रत्येक पेशंट अतिधोक्याचाच धरा आणि फॉर्मचा वेळ कूस बदलायला द्या.

कृष्णाकाठ, सांगली

बेरीज निरुपयोगी, हे मान्य. पण त्यासाठी रकानेही फेकून द्यायचे, हे अजिबात मान्य नाही.

दोन पेशंट घेऊ. पहिला फवारणीचं औषध पोटात गेलेला: घाम, पातळ जुलाब, चादर कायम ओली. जाणीव २, ओलावा १, वावर १, हालचाल २, नळीनं फीड पुरेसं म्हणून पोषण ३, घर्षण २. बेरीज ११. दुसरा स्वादुपिंडाच्या सुजेचा, सहा दिवस नुसत्या सलाइनवर: जाणीव २, ओलावा ४, वावर १, हालचाल २, पोषण १, घर्षण १. बेरीज पुन्हा ११. पहिल्याला बॅरिअर क्रीम, शोषून घेणारी शीट आणि दर वेळी लगेच सफाई लागते. दुसऱ्याच्या बाबतीत डॉक्टरांना राउंडला विचारावं लागतं, की फीड कधी सुरू करणार आणि प्रोटीन किती देणार. दोघांनाही ‘अतिधोका’ असं लिहून मोकळं झालात, तर दोघांनाही तेच मिळेल: एअर बेड (पंपाची हवेची गादी) आणि दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता.

खरा घोटाळा रकाने भरण्यात होतो. मण्यार चावलेला पेशंट आतून शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळतं, म्हणून जाणिवेला ४ दिलेले दिसतात. पण तो रकाना विचारतो की दाब बोचला तर त्याला तसं सांगता येतं का? लुळ्या पडलेल्या माणसाला पापणीही उचलता येत नाही. तिथे १ च. तसंच ‘सिडेशन उतरलं की हलेल’ म्हणून हालचालीला ३ देऊ नका. आत्ता जे आहे तेच लिहायचं. पोषणाचंही तसंच: फीड चालू आहे म्हणून ३ नव्हे, गरजेपुरतं पोटात जातंय तर ३. अर्धं फीड परत येत असेल तर २.

आणि आल्या आल्या कातडी बघणं कुठल्याही स्कोअरपेक्षा मोठं. जत-आटपाडीकडून पेशंट येतो तेव्हा आधीच्या दवाखान्यातलं टेबल, मग अँब्युलन्सचं स्ट्रेचर, असे कित्येक तास तो एकाच कुशीवर असतो. खोलवर मेलेला भाग वर जांभळा दिसायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. तुमच्या तिसऱ्या दिवशी दिसलेला डाग कदाचित तुमच्याकडचा नसेल, पण पहिल्या दिवशीची नोंद नसेल तर तो तुमचाच ठरणार. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. दाबून रंग बदलण्याची वाट बघू नका. हाताच्या पाठीनं ऊब बघा, बोटानं कडकपणा बघा, बाजूच्या कातडीशी ताडून बघा. माकडहाड आणि टाचा सगळे बघतात. डोक्याची मागची बाजू आणि कानामागची ऑक्सिजनची नळी मात्र राहून जाते.

हळदपेठ, सांगली

दोघांनीही ब्रेडनच धरून ठेवला आहे. आयसीयूसाठी वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, त्या वापरा. कॉम्हॉनमध्ये शुद्ध, हालचाल, रक्ताभिसरण, ऑक्सिजन आणि पोषण असे पाच रकाने आहेत, प्रत्येकी १ ते ४. बीपीची औषधं आणि व्हेंटिलेटर दोन्ही त्यात मोजले जातात. ५ ते ९ कमी, १० ते १३ मध्यम, १४ ते २० जास्त धोका.

कृष्णाकाठ, सांगली

कॉम्हॉनमध्ये ओलाव्याला रकानाच नाही. जुलाब लागलेल्या पेशंटचं काय करणार? आणि दिशा उलटी आहे. ब्रेडनचा ११ म्हणजे जास्त धोका, कॉम्हॉनचा ११ म्हणजे मध्यम. वॉर्डात एक आणि आयसीयूत दुसरं ठेवलंत, तर ओव्हर देताना, म्हणजे पुढच्याकडे पेशंट सोपवताना, ‘स्कोअर ११’ एवढंच ऐकून समोरचा काय समजेल? बदलायचं तर सगळ्या हॉस्पिटलमध्ये एकदम बदला, नाहीतर आकड्याआधी पट्टीचं नाव लिहिणं सक्तीचं करा.

रात्रपाळी, कराड

स्कोअर कुठलाही काढा, त्यानंतर पेशंटच्या अंगाखाली काय असतं ते बोलूया का? धोका लिहिला, एअर बेड लावला, काम संपलं, असं समजतात. पंपाचा डायल वजनावर न लावता शेवटपर्यंत फिरवलेला असतो, मग गादी दगड होते. गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळवा वर करून हात सरकवा. हाताला हाड टेकलं तर पेशंट बुडालेला आहे. वर चादर, रबरशीट, ड्रॉशीट, पुन्हा घडी घातलेली चादर अशी चळत असेल तर गादीची हवा भरली काय आणि उतरली काय, कातडीला फरक पडत नाही. एकच चादर, फार तर एक पातळ शोषक शीट. पंपाचा प्लग यूपीएसच्या लाइनवर आहे का तेही बघा. लाइट गेली की व्हेंटिलेटर चालू राहतो, गादी मात्र मुकाट्यानं बसते. सीटीला नेताना काढलेली पंपाची नळी परत जोडायची राहते, हे तर नेहमीचंच.

टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज ठेवणं बंद करा. पोटरीखाली लांब उशी द्या, टाच अधांतरी हवी, गुडघा किंचित वाकलेला. गोल रिंगही नको, ती कडेचा रक्तपुरवठा तोडते. लाल झालेल्या जागी स्पिरिट-पावडर चोळू नका. नातेवाईक आग्रह धरतात, त्यांना शांतपणे समजवा. डोक्याकडची बाजू वर घेण्याआधी गुडघ्याकडचा भाग उचला, नाहीतर पेशंट खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी वर ताणली जाते.

अजिंक्यतारा, सातारा

रात्रपाळी, तुमचा प्रत्येक शब्द माझ्याच बाजूचा आहे. हात घालून गादी तपासायला एक मिनिट लागतं आणि ते मिनिट फॉर्म खातो. एका सिस्टरकडे तीन पेशंट असले की दोन तासांची कूस चार तासांवर जाते. कागदावर मात्र २, ४, ६ अशा वेळा एकाच पेनानं भरलेल्या असतात.

कृष्णाकाठ, मण्यारचा मुद्दा पटला. सहा रकाने ठेवू, बेरजेचा चौकोन काढून टाकू. पण दर शिफ्टला नको. आल्यावर एकदा, मग रोज सकाळी, आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू झालं, जुलाब लागले, डायलिसिस लागलं किंवा ऑपरेशन होऊन आला की लगेच.

कृष्णाकाठ, सांगली

हे चालेल. फक्त त्यात सातवा रकाना घाला, अंगावरच्या वस्तूंचा, आणि तो मात्र प्रत्येक शिफ्टलाच. बायपॅप (श्वासाला जोर देणाऱ्या) मास्कखाली नाकाचं हाड, ईटी ट्यूबची (तोंडातून घातलेल्या श्वासनळीची) पट्टी ओठाच्या कोपऱ्यात, रायल्स ट्यूबखाली (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीखाली) नाकपुडी, बोटाचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब, मांडीखाली दबलेली कॅथेटर (लघवीची नळी). मास्क गळतो म्हणून पट्टा आवळतात. त्याऐवजी आधी साइज बघा. जाड गॉजची घडी घातली तर गळती वाढते आणि पट्टा अजून आवळला जातो.

बीपी पडतंय म्हणून कूस बदलणं सोडून देतात, तेही लिहून ठेवायला हवं. हळूहळू वळवा, दहा मिनिटं थांबा. तरी बीपी सावरलं नाही तरच परत पाठीवर घ्या, आणि मग निदान डोकं, टाचा, खांदे थोडे थोडे हलवत राहा. ‘हेमोडायनॅमिकली अनस्टेबल’ (बीपी-रक्ताभिसरण अस्थिर) असा शेरा सोमवारी लिहिला की गुरुवारपर्यंत तोच चालतो. शेऱ्याशेजारी वेळ आणि पुन्हा कधी वळवून बघणार ती वेळ, दोन्ही हव्यात.

हळदपेठ, सांगली

सातवा रकाना आला, बीपीचा शेरा आला. म्हणजे ब्रेडनला नाही ते सगळं तुम्ही हातानं जोडताय. मग नॉरअ‍ॅड्रेनलिनलाही आठवा रकाना द्या, तो राहिलाच.