मदत हवी आहे: घानाहून येणाऱ्या कोको शास्त्रज्ञासाठी १२ आठवड्यांचं प्रशिक्षण कसं आखावं?

पानशिरा:
अमेरिकेतल्या एका विद्यापीठात, वनस्पती विषाणूंच्या प्रयोगशाळेत, बोरलॉग फेलोशिपवर (अमेरिकेच्या कृषी खात्याची परदेशी शास्त्रज्ञांसाठीची प्रशिक्षण योजना) घानाहून कोकोचे एक शास्त्रज्ञ येणार आहेत. मुदत १२ आठवडे. पुढे इथल्या मार्गदर्शकाने त्यांच्या संस्थेला भेट द्यायची असते. विषय आहे कोकोच्या फांद्या फुगवणाऱ्या स्वोलन शूट विषाणूचं निदान. त्यांच्याकडे साधं पीसीआर यंत्र आहे (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं), सीक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) नाही, आणि वीज बेभरवशाची. डीएनए काढणं, पीसीआर, रिअल टाइम पीसीआर (प्रती वाढतानाच मोजणारं), सीक्वेन्सिंग यांना किती वेळ द्यावा? नमुने सोबत आणायला सांगावेत का?

रानकोको:
नमुन्यांचं आधी ठरवा, कारण परवान्यांत महिने जातात. डोळकाडी (कलमासाठीची डोळे असलेली काडी) किंवा ताजं पान अजिबात आणू देऊ नका. कोवळ्या पानाचे दोन सेंटीमीटरचे तुकडे पानाच्या निदान दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये वाळवून पाठवता येतात, पण त्यालाही अमेरिकेचा आयात परवाना आणि घानाच्या संस्थेशी साहित्य हस्तांतरणाचा करार लागतो. कागद वेळेत झाले नाहीत तर तंत्र निरोगी कोकोच्या पानांवर शिकवा आणि पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी (हमखास पॉझिटिव्ह येणारा, ताडून पाहायचा नमुना) विषाणूचा तुकडा असलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, वापरा.

पहिले तीन आठवडे फक्त डीएनए. कोकोच्या पानात चिकट द्रव्य आणि पॉलिफेनॉल दोन्ही भरपूर असतात. सीटॅब बफरमध्ये (डीएनए काढायचं द्रावण) पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी २ टक्के घाला, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल हे रसायन मात्र वापरायच्या ऐन वेळी. तळाला बसलेला डीएनएचा गोळा तपकिरी दिसला तर पॉलिफेनॉल राहिलेत. जेलीसारखा थरथरला तर चिकट द्रव्य, मग मिठाचं प्रमाण वाढवून पुन्हा धुवा. पीसीआर निगेटिव्ह आलं की तोच डीएनए १० पट आणि ५० पट पातळ करून परत लावायचा, आणि सोबत कोकोच्याच एका जनुकाचा कंट्रोल हवाच. तो चालला नाही, तर त्या निगेटिव्हला काही अर्थ नाही.

पानशिरा:
धन्यवाद, हे फार उपयोगी आहे. प्रायमरची (पीसीआरमध्ये विषाणूचा तुकडा शोधणारे डीएनएचे छोटे धागे) एकच जोडी पुरेल का?

रानकोको:
नाही. स्वोलन शूट या नावाखाली बॅडनाव्हायरस या विषाणूगटातल्या अनेक जाती येतात आणि एकच जोडी सगळ्यांना पकडत नाही. वेगवेगळ्या भागांवर बसणाऱ्या दोन-तीन जोड्या लावा, एकमेकींच्या निगेटिव्हची खात्री करता येते. विषाणूच्या डीएनएचे तुकडे यजमान झाडाच्या जीनोममध्ये गुंफले गेलेले असण्याची शक्यताही शिकवा. लक्षण नसलेल्या झाडाच्या पीसीआरमध्ये फिकट पट्टी दिसली की लगेच 'बाधित' लिहू नये.

बागायत_नोंद:
सीक्वेन्सिंग शिकवायला महिना घालवणं मला पटत नाही. पीसीआरने वाढवलेला डीएनए बाहेर सीक्वेन्सिंगला पाठवता येतो. शिकवायचं ते आलेल्या फाइली वाचणं, क्रमांची जुळवणी आणि विषाणूंचा वंशवृक्ष काढणं. त्याला दहा दिवस पुरे, आणि लॅपटॉपवर इंटरनेटविना चालणारी साधनंच निवडा. वाचलेला वेळ नमुना घेण्याच्या पद्धतीला द्या, चूक बहुतेक तिथेच होते. विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो, म्हणून एका झाडाच्या चार बाजूंच्या फांद्यांवरची कोवळी पानं एकत्र करून तपासा. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला महिने, कधी दोनेक वर्षंही लागतात. निरोगी दिसणारी शेजारची झाडंही नमुन्यात घ्यावी लागतात. शेतकऱ्यांसाठी हा सगळ्यांत कठीण भाग आहे, कारण रोग थांबवायला उभं, फळ देणारं झाड तोडायला सांगायचं असतं. घानात हा रोग १९३६ पासून माहीत आहे आणि तिथे आजवर २० कोटींहून जास्त झाडं तोडली गेली आहेत. निदानात चूक झाली तर त्या माणसाचं अनेक वर्षांचं उत्पन्न जातं, एवढी गंभीरता प्रशिक्षणात यायला हवी.

आणखी एक: विषाणू पिठ्या ढेकणांतून पसरतो आणि मुंग्या त्यांना राखतात. पांढरी सावर (काटेसावरीच्या जवळची सेइबा) आणि कोला ही झाडंही यजमान आहेत. तोडलेल्या जागी नवी लागवड करताना कडेला लिंबूवर्गीय किंवा तेलताडाचा पट्टा ठेवतात, कारण विषाणू त्यांत राहत नाही. फेलोला नमुन्यांच्या नकाशात ही झाडंही मांडायला लावा.

पानशिरा:
मग मार्गदर्शकाची भेट केव्हा ठेवू?

बागायत_नोंद:
पावसात, मे-जूनमध्ये. तेव्हा नवी पालवी फुटते आणि लाल शिरांचे पट्टे स्पष्ट दिसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या हार्मटान वाऱ्यात (सहाराकडून येणारा कोरडा वारा) लक्षणं नीट दिसत नाहीत. भेटीआधी ही तयारी करून घ्या: फ्रीजशिवाय टिकणारं, गोठवून वाळवलेलं पीसीआर मिश्रण, यंत्राला यूपीएस, आणि उपकरण अमेरिकेतून नेणार असाल तर ते घानातल्या २३० व्होल्टवर चालतं का याची खात्री. भेटीत पहिल्या दिवशी उत्तर झाकलेले वीस डीएनए नमुने द्या आणि त्यांनी स्वतःच्या यंत्रावर काढलेला निकाल तुमच्या निकालाशी ताडून पाहा. जुळला नाही तर उरलेले दिवस त्या एका फरकाचं कारण शोधण्यात घालवा.