जुन्या इंपेलरचे तुकडे शोधलेत का?

बोटीच्या इंजिनाचा इंपेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलला, थर्मोस्टॅटही नवा टाकला, तरी आयडलला ठीक आणि वेग वाढवला की तापमानाचा काटा चढतो, असं तुम्ही म्हणताय. मग मला समुद्राच्या पाण्याचा प्रवाहच अपुरा वाटतो. जुना इंपेलर काढला तेव्हा त्याची सगळी पाती शाबूत होती का? नसतील, तर तुटलेलं रबर पुढे कुठेतरी अडकलंय, बहुधा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी. झाकण काढून टॉर्चने नळ्या बघा. ते तुकडे काढल्याशिवाय नव्या इंपेलरचा काही उपयोग नाही.

तिथे स्वच्छ असेल तर एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (जिथे हे पाणी इंजिनाच्या धुरात मिसळतं तो वाकडा पाइप) उघडा. मीठ आणि काजळीचा थर बसून आतली वाट कधीकधी बोटाएवढीच उरलेली असते, बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो. पंपाच्या आधी समुद्राचं पाणी गाळणाऱ्या गाळणीच्या झाकणाचा गॅस्केटही बघा. तिथून हवा ओढली गेली की पंप पाणी कमी उचलतो, आणि बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून हा दोष सहज निसटतो.

एक कळकळीची विनंती: इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण अजिबात उघडू नका.