सायकलची साईज कशी ठरवायची? दुकानदार २९ची एल घ्या म्हणायलाय

जालनेकर७८: मंडळी, सल्ला पाहिजे. उंची ५ फूट ५ इंच, वजन ७८ (हसू नका). रविवारी संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून वेरूळला जायचं डोक्यात आहे. दुकानदार म्हणतो २९ची एल घ्या, उंच वाटली तर सीट खाली करून देतो. बसून बघितलं, दोन्ही पाय मस्त टेकले, फक्त हँडल जरा लांब वाटलं. घेऊन टाकू का?

खामकाठचा: थांबा भाऊ! २९ हे चाकाचं इंचातलं माप, फ्रेमचं नाही. २९च्या चाकात एस, एम, एल सगळं येतं. तुम्हाला डांबरी रोडच करायचाय तर हायब्रिड (रोडवरची अन् डोंगरातली सायकल यांच्या मधली) बघा, तिच्या टायरवर ७००सी लिहिलेलं असतं, रिम २९चीच, ६२२ मिमीची. अन् सीटवर बसून दोन्ही पाय सपाट टेकले म्हणजे सीट लईच खाली आहे, घाटात गुडघे बोंबलतील. शाळेचा ड्रेस घेतल्यासारखी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका, आपण आता वाढायलो ते फक्त पोटाकडून.

लातूरची_ताई: मी हीच चूक केली. एल घेतली, सीट खाली केली, पण हँडल काय जवळ येईना, तासाभरात मान अन् तळहात बधिर. मग स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) १०० मिमीचा काढून ७०चा टाकला तेव्हा जरा बरं, पण मापाची ती नाहीच. दादा, घरी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही टांगांच्या मधे वरपर्यंत घट्ट दाबा अन् पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्याला ०.८८३ नं गुणा. समजा ७६ सेमी आलं तर साधारण ६७, म्हणजे क्रँकच्या (पायडलचे दांडे जिथं फिरतात तिथल्या) मधापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर. इथून सुरुवात करायची, पुढं थोडं वरखाली होतं.

खामकाठचा: टेप नसला तर टाच पायडलवर ठेवून पायडल पार खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. चालवताना कंबर डावी-उजवी डुलायली तर सीट जास्त वर गेली. अन् सीटवरून उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंनी उभं राहून बघा, इंच-दोन इंच जागा राहिली पाहिजे, नाहीतर सिग्नलला अवघड दुखणं.

जालनेकर७८: माप ७५ आलं. दुसऱ्या दुकानात हायब्रिडची एम चालवून बघितली, कोपरं आपोआप वाकली, हँडलकडं ताणावं लागलं नाही. पण एस पण बरी वाटायली आता, काय करू?

लातूरची_ताई: दोन्ही एकेक किलोमीटर चालवा, चौकातल्या चौकात नाही. अन् एका कंपनीची एम दुसरीच्या एमएवढी असतेच असं नाही, म्हणून अक्षरावर जाऊ नका.