पंचवीस सांगितलं, बावन्न लिहिलं : दोन अंकी संख्यांचे वर्गातले अनुभव

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलंय. आपण 'पंचवीस' म्हणतो, पोरगं आधी ऐकू आलेला पाच लिहितं, मग विसाचा दोन. वहीत 52. जून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचायची रीत आली, तेव्हा विधिमंडळापासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळे बोलले. पुस्तकात 'पंचवीस'ही होतं, हे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या, पण त्या गलक्यात ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तो वाद इथे पुन्हा नको. तुमच्या वर्गात काय चाललं, काय नाही, तेवढं लिहा.

शिक्षिका, जि. प. शाळा, अक्कलकोट तालुका

माझ्या वर्गात निम्म्या घरांत कानडी बोलतात. कानडीत पंचविसाला 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आधी, पाच नंतर. 'इप्पत्तैदु लिही' म्हटलं की 25 आणि 'पंचवीस लिही' म्हटलं की 52. पोरगं तेच, पाटी तीच. म्हणून आता आधी काड्या मांडून घेते, मग कानडीत बोलायला लावते, मग लिहायचं. मराठी नाव सगळ्यात शेवटी. तपासणीला आलेल्या साहेबांना मराठी शाळेत कानडी ऐकून जरा चमकायला होतं. होऊ दे.

शिक्षक, द्विशिक्षकी शाळा, बीड जिल्हा

काड्यांवर जरा सविस्तर लिहितो, कारण प्रशिक्षणात 'गठ्ठे-सुटे वापरा' एवढं सांगून पुढे जातात.

तयार गठ्ठे देऊ नका. गणिताच्या पेटीतला दशकाचा दांडा (दहाचा एकसंध तुकडा) दाखवून 'किती?' विचारा, पहिलीतलं पोरगं 'एक' म्हणतं, आणि त्याचं बरोबरच आहे. खराट्याच्या काड्या आणा, पोरांनाच दहा मोजून रबर लावू द्या. खेळ असा : जोडीत फासा टाकायचा, पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा जमल्या की गठ्ठा. पाच गठ्ठे आधी ज्याचे, त्याचा डाव. आठवड्याने डाव उलटा करायचा. पाच गठ्ठे घेऊन बसायचं आणि फाशाएवढ्या काड्या परत द्यायच्या. सुट्या संपल्या की गठ्ठा सोडावाच लागतो. हातच्याची वजाबाकी इथेच होऊन जाते, पुढे फक्त मांडणी दाखवायची राहते.

फरशीवर खडूने रेघ मारा, गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे. जोडीला समोरासमोर बसवू नका, एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं होतं आणि सगळा घोळ होतो. शेजारी-शेजारी बसवा. पहिली-दुसरी यात रमली की मला तिसरी-चौथीकडे बघायला निवांत वेळ मिळतो. चार वर्ग दोघांत वाटून घेणाऱ्यांना याचं मोल कळेल. रबरं मात्र सारखी तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापा, टिकतात.

शिक्षिका, पालिका शाळा, मुंबई

'वीस पाच' मी मनापासून वापरून पाहिलं. 52 लिहिणं कमी झालं आणि 205 सुरू झालं! वीस ऐकलं, 20 लिहिलं, पुढे 5. त्यावर बाणकार्डं कामाला आली. 20चं कार्ड रुंद, 5चं अर्धं. पाचचं कार्ड शून्यावर ठेवलं की 25. 'शून्य कुठे गेलं?' विचारलं तर एक मुलगी म्हणाली, 'पाचाच्या खाली झोपलंय.' वर्गात आता तेच चालतं. जुन्या लग्नपत्रिकांची पाठकोरी बाजू यासाठी उत्तम, विकतचा संच घेऊ नका.

निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) गेली याची मला हळहळ नाही, परंतु उजळणी टाकू नये. काड्यांनी संख्या कळेल, नावे मात्र अखेर पाठच करावी लागतात. खरी अडचण 'एकोण'ची. एकोणतीस ऐकून मूल 39 लिहिते, कारण कानाने तीस ऐकलेले असतात. मी उजळणी उलटी घेत असे. मुले शाळेच्या पायऱ्यांवर उभी करायची, वरचा 'तीस' म्हणणार, एक पायरी खालचा 'एकोणतीस'. पायरी उतरली की एक कमी, हे पायांनी कळते. पन्नास आणि सत्तरलाही हेच. मगच पाटी हाती द्यावी.

शिक्षक, मेळघाट

आमच्याकडे तिसराच प्रकार. कोरकू घरांत जुनी माणसं विसाविसाने मोजतात. एका आजीला वर्गात बोलावून चिंचोके मोजायला दिले. त्यांनी विसाचे दोन ढीग केले, तीन बाजूला. पोरांनी तेच चिंचोके दहादहाने लावले : चार ढीग, वर तीन. 'आजीचे दोन अन् आमचे चार कसे?' यावर तास कधी संपला कळलं नाही. मी फळ्यावर 43 लिहायच्या आधीच दोघा-तिघांनी जमिनीवर लिहून ठेवलं होतं.

पालक, जर्मनी

शिक्षक नाही, तरी लिहितो. जर्मनमध्येही पाच आधी, वीस नंतर, त्यामुळे मुलीला शाळेतल्या संख्या जड गेल्या नाहीत, मराठीतून सवय होतीच. 'एकोण' मात्र तिथे नाही, म्हणून घरी तेवढ्यावरच घोडं अडतं. गुरुजी, पायऱ्या आमच्या इमारतीत भरपूर आहेत.

शिक्षिका, खाजगी शाळा, नाशिक

गुरुजींच्या पायऱ्यांना एक पुरवणी. 'एकोण' पक्कं झालं की मुलं 99ला 'एकोणशंभर' म्हणतात. मी 'नव्व्याण्णव' सांगते, पण गुण कापत नाही.