इत्सकोआत्लच्या एका नावचिन्हात साप का नाही?

कोडेवाला: कोदेक्स मेंदोसा या चित्रलिपीतल्या हस्तलिखितात इत्सकोआत्ल या अ‍ॅझ्टेक राजाच्या नावाला पाठीवर ऑब्सिडियनची (ज्वालामुखीच्या काचेची) पाती असलेला साप काढलाय. ते सरळ आहे: अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत इत्स्त्ली म्हणजे ऑब्सिडियन, कोआत्ल म्हणजे साप. पण कोदेक्स व्हेर्गारात याच नावाला ऑब्सिडियनची टोकं, मडकं आणि पाणी आहे. लेखनिकाची चूक?

अमात्ल: चूक नाही. मेंदोसात अर्थ काढलाय, व्हेर्गारात आवाज. मडकं म्हणजे कोमित्ल, त्यातला 'को' घ्या. पाणी म्हणजे आत्ल, त्यातला 'आ'. झालं इत्स-को-आ. शेवटचा 'त्ल' चित्रात येत नाही, तो वाचणाऱ्यानं लावायचा. नवख्यांची गाडी बहुतेक इथंच अडते. -त्ल, -त्ली, -इन हे प्रत्यय समासात गळतात, म्हणून मोलिनाच्या १५७१ च्या स्पॅनिश-नाहुआत्ल कोशात वस्तूचं नाव शोधा, प्रत्यय काढा आणि मगच तुकडे जोडून पाहा.

शाईदौत: आणि चित्र पाहून लगेच अर्थ ठरवू नका. क्वाउत्ली (गरुड) आणि क्वाउइत्ल (झाड) यांचं समासातलं लिहिलेलं रूप एकच, 'क्वाउ'. त्यामुळे झाड दिसलं तरी नाव गरुडाचं असू शकतं. निर्णय चित्राशेजारी रोमन अक्षरांत लिहिलेल्या नावावर करायचा, पण तेही अपुरं: दीर्घ स्वर आणि काकल्य स्पर्श (घशात श्वास क्षणभर अडवून होणारा आवाज) बहुधा लिहिलेलेच नसतात.

चिन्ह कुणाचं आहे तेही तपासा. ते सहसा चित्रातल्या माणसाच्या डोक्याला बारीक रेघेनं जोडलेलं असतं. दाटीच्या पानावर रेघ चुकली की नाव शेजाऱ्याला चिकटतं.

कोडेवाला: १५६० च्या वेहोत्सिंको गावच्या मात्रिकुलात (लोकांच्या नोंदवहीत) एका माणसापाशी 'पेद्रो' लिहिलंय, पण चित्रात पेद्रोसारखं काहीच नाही.

अमात्ल: तिथं बाप्तिस्म्याचं नाव अक्षरात असतं, चित्र बहुधा पुढच्या नाहुआत्ल नावाचं. पेद्रोला सोडा, पुढचा शब्द वाचा. नाहुआत्लमध्ये 'र' नाही, म्हणून मारियाची 'मालिया' झालेली दिसली तर दचकू नका.

शाईदौत: स्पॅनिश माणसाला चिन्ह मिळालं तरी ते आवाजाचंच असेल असं नाही. पेद्रो दे आल्वारादोला नाहुआ लोक तोनातिउ, म्हणजे सूर्य, म्हणत. कोदेक्स तेयेरियानो-रेमेन्सिसमध्ये १५४१ साली तो मेल्याची नोंद आहे, तिथं त्याच्यापाशी सूर्य काढलाय. त्या सूर्यातून 'आल्वारादो' उच्चारानं काढायला बसलात तर दिवस जाईल.